हेड बदलले, पण पिस्टनचे काय?



या व्यासपीठावरून आपण पेशवाईविषयी ऐकले आहे, संतवाङ्मयाविषयी ऐकले आहे, देशाच्या अर्थकारणाविषयीही ऐकले आहे. ती व्याख्याने देणारे विद्वान होते. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत झालेले. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते मोटारीच्या इंजिनातील दोन भागांविषयी. एक सिलिंडरचे हेड आणि दुसरा पिस्टन. विषय रुक्ष वाटेल. पण या दोन भागांचा मेळ घालण्याच्या खटपटीत माणसे मेलेली आहेत. ती कोण होती हे सांगितल्यावाचून इंजिनाचा इतिहास पुरा होत नाही, असे आमचे मत आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यातील फिटरची तक्रार आमच्याकडे आली. एका गिऱ्हाइकाला आपली गाडी अधिक जोरात पळवायची होती. मालकाने मोठ्या व्हॉल्व्हचे दुसरे हेड आणवले, ते मशीनवर घासून आणखी खाली घेतले आणि फिटरला बसवायला सांगितले. फिटर म्हणाला, "शेठ, पिस्टनही बदलावे लागतील." मालक म्हणाला, "पिस्टन चांगले आहेत, खर्च वाढवू नकोस." गाडी सुरू झाली, दोन मैलही गेली नसेल, आणि व्हॉल्व्ह वाकून बंद पडली. नुकसान फिटरच्या पगारातून कापले गेले. आम्ही चौकशीला गेलो तेव्हा त्या माणसाने काही न बोलता जुना पिस्टन आमच्या हातात ठेवला. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटली होती. व्हॉल्व्ह तेथे आपटत होता. ती खूण कोणत्याही साक्षीदारापेक्षा बोलकी होती. त्या खुणेचा अर्थ मालकापुढे नीट मांडता यावा म्हणून आम्ही वाचू लागलो, आणि वाचता वाचता फार दूर गेलो.

प्रथम थोडे यंत्र समजून घेऊ. सिलिंडर म्हणजे एक नळी. तिच्यात पिस्टन खालीवर जातो. नळीच्या वरच्या तोंडावर झाकण असते, ते हेड. पिस्टन अगदी वर आला म्हणजे त्याचा माथा आणि हेडाचे छत यांच्यामध्ये जी लहानशी खोली उरते, तिच्यात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते. या खोलीचे छत हेड आणि जमीन पिस्टन. खोली जितकी लहान, तितके मिश्रण अधिक दाबले जाते. आणि जितके अधिक दाबावे, तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. पिस्टन खाली असतानाची एकंदर जागा आणि वर असतानाची उरलेली जागा यांचे जे प्रमाण, त्याला दाबप्रमाण म्हणावे. गॅरेजात त्याला नुसते 'कंप्रेशन' म्हणतात.

आता एक हिशेब करू. 80 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि 80 मिलिमीटरची चाल असेल, तर पिस्टन सुमारे 400 घनसेंटीमीटर जागा व्यापतो. वरची खोली 80 घनसेंटीमीटरची असली, तर 480 भागिले 80, म्हणजे दाबप्रमाण 6. ते 8 करावयाचे ठरवले, तर खोली सुमारे 57 वर आणली पाहिजे. म्हणजे 23 घनसेंटीमीटर जागा कमी केली पाहिजे. हेड एक मिलिमीटर घासले, तर फार तर 5 घनसेंटीमीटर जागा कमी होते. चार-पाच मिलिमीटर घासू गेलो तर आतल्या पाण्याच्या वाटाच उघड्या पडायच्या. म्हणून उरलेली भरपाई पिस्टनला करावी लागते. सपाट माथ्याऐवजी उंचवट्याचा माथा घ्यावा लागतो. उंचवटा आला की व्हॉल्व्हला उघडायला जागा हवी, म्हणून त्या उंचवट्यात खाचा पाडाव्या लागतात. पिस्टन जड झाला की क्रँकशाफ्टचा तोल पुन्हा पाहावा लागतो. जाणता फिटर पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातील मऊ मातीची गोळी ठेवतो, हेड बसवून इंजिन हाताने फिरवतो, पुन्हा हेड उतरवतो आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतो. तेवढ्या एका चाचणीने आमच्या फिटरचा पगार वाचला असता.

असो. इतिहासाकडे वळू.

1908 साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे हेड बोल्ट सोडवून काढता येत असे. त्या काळी पुष्कळ मोटारींचे सिलिंडर आणि हेड एकाच ओतीव तुकड्याचे असत. व्हॉल्व्ह घासायचे म्हणजे यातना. सुटे हेड आल्यामुळे गावातल्या लोहारालाही इंजिनाच्या आत डोकावता आले. आणि जी वस्तू सुटी होते, ती बदलण्याचा मोह माणसाला होतोच. मॉडेल टीसाठी लवकरच अधिक ताकदीची निराळी हेडे बाजारात विकली जाऊ लागली. फोर्डने मात्र उलट वाट धरली. त्याने 1917 साली नवे हेड काढून दाबप्रमाण सुमारे 4 वर खाली आणले. मोटारी वाढत होत्या, पेट्रोल पुरत नव्हते आणि त्याचा कस घसरत होता. दाब वाढवला की इंजिन ठोकू लागे.

हा ठोका कशाचा? ठिणगीने पेटवलेली ज्योत खोलीभर पसरत असताना, कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की ज्योत पोहोचण्याआधीच आपण होऊन भडकते. तो भडका हातोड्यासारखा पिस्टनवर बसतो. फार वेळ चालला तर पिस्टनचा माथा वितळून भोक पडते, कड्यांच्या खाचा फुटतात. म्हणजे हेड बदलून दाब वाढवा, पण त्याची किंमत पिस्टन मोजणार, अशी ही व्यवस्था होती. वरच्याने हुकूम सोडायचा आणि खालच्याने मार खायचा. आमच्या कामगार बंधूंना हे निराळे समजावून सांगायला नको.

या अडचणीतून वाट काढण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग यंत्र सुधारण्याचा.

त्यातले एक पाऊल पिस्टनच्या धातूचे. पूर्वी पिस्टन ओतीव लोखंडाचे असत. लोखंड जड, आणि माथ्यावरची उष्णता खाली वाहून नेण्यात मंद; तापलेला माथा मिश्रणाला तापवी आणि ठोका लवकर येई. 1913 साली लंडनमध्ये डी.एफ.पी. नावाच्या फ्रेंच मोटारी विकणारा डब्ल्यू. ओ. बेंटली हा तरुण इंजिनियर त्या कारखान्यात गेला असता, तेथे टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा पिस्टन त्याच्या नजरेस पडला. त्याने विचारले, हे खरोखर इंजिनात चालेल काय? अ‍ॅल्युमिनियमात सुमारे आठव्या हिश्शाने तांबे मिसळून त्याने पिस्टन करवून घेतले, दाब वाढवला, आणि ती लहान मोटार शर्यतींत नाव काढू लागली. पहिल्या महायुद्धात हाच अनुभव ब्रिटिश विमान-इंजिनांच्या कामी आला. अ‍ॅल्युमिनियमचा दोष एवढाच की ते ओतीव लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावते. सिलिंडर लोखंडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा; थंड असताना सैल, तापल्यावर घट्ट. सकाळी गाडी सुरू करताना पिस्टन खडखडे. मग कोणी पिस्टनच्या घेराला चीर पाडली, कोणी आत न प्रसरणाऱ्या पोलादाची पट्टी घातली, कोणी मिश्रधातूत सिलिकॉन वाढवले. हे सारे कारागिरीने आणि प्रयोगाने सुटले. कोणाचा जीव घ्यावा लागला नाही.

दुसरे पाऊल हेडाचे. ते हॅरी रिकार्डो या इंग्रज इंजिनियराचे. 1885 साली जन्मलेल्या या गृहस्थाने पहिल्या महायुद्धात रणगाड्यांचे इंजिन रचले होते. 1919 च्या सुमारास त्याने बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या साध्या, स्वस्त इंजिनाकडे लक्ष वळवले. अशा इंजिनातली खोली पिस्टनच्या वर आणि व्हॉल्व्हच्या वर अशी पसरट असे. ज्योत रेंगाळे, ठोका लवकर येई. रिकार्डोने हेडाचे छत पिस्टनच्या बऱ्याच भागावर अगदी खाली आणले, जवळजवळ टेकेल इतके. आणि खरी खोली व्हॉल्व्हवर एकवटली. पिस्टन वर येताना शेवटच्या क्षणी त्या फटीतले मिश्रण पिचकारीसारखे खोलीत उसळे, घुसळले जाई आणि झपाट्याने जळे. फटीत जे थोडे उरे, ते दोन थंड भिंतींमध्ये दबलेले असल्यामुळे भडकत नसे. महाग इंजिनाची ताकद स्वस्त इंजिनातून निघू लागली. पण हे घडायचे तर पिस्टन वर नेमका किती येतो, गॅस्केट किती जाडीचे आहे, माथा सपाट आहे की नाही, या सर्वांचा मेळ हवा. पिस्टन दोन मिलिमीटर खालीच थांबला तर त्या हेडाची करामत संपली. हेड आणि पिस्टन हे एकाच खोलीचे दोन भाग आहेत, ही गोष्ट रिकार्डोच्या हेडाने इंजिनियरांना पुरती पटवून दिली.

त्याच सुमारास रिकार्डोने शेल या तेल कंपनीसाठी एक प्रयोगाचे इंजिन बांधले. चालू असतानाच त्याचे दाबप्रमाण कमीजास्त करता येत असे. त्याने निरनिराळ्या तेलांची परीक्षा घेतली. दिसले असे की टोल्युइन, बेंझॉल आणि अल्कोहोल ही द्रव्ये ठोका येऊ न देता पुष्कळ दाब सोसतात. म्हणजे चांगले हेड, जुळता पिस्टन आणि निवडून घेतलेले इंधन, अशी वाट 1920 च्या सुमारासच दिसत होती. 1924 साली निघालेल्या पहिल्या क्रायस्लर मोटारीचे दाबप्रमाण 4.7 होते आणि त्या काळी ते मोठे मानले गेले. वाट खुली होती. फक्त सावकाश चालावी लागणार होती.

दुसरा मार्ग घाईचा होता. अमेरिकेत डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली हा ठोक्यावर औषध शोधत होता. अल्कोहोलाने ठोका थांबतो हे तेथेही माहीत होते. पण अल्कोहोल दहा-वीस टक्के मिसळावे लागते आणि ते कोणीही गाळू शकतो. 9 डिसेंबर 1921 रोजी मिजलीला शिशाचे एक संयुग सापडले, टेट्राएथिल लेड. एका गॅलनला चहाचा चमचाभरही नको. त्यावर पेटंट घेता येत होते. 1923 च्या फेब्रुवारीत डेटनमधील एका पंपावर ते पेट्रोल विकले जाऊ लागले. नाव 'एथिल' ठेवले. त्या नावात शिशाचा उच्चार नव्हता.

शिसे विष आहे हे नव्याने कळलेले नव्हते. स्वतः मिजली 1923 च्या आरंभी शिशाच्या बाधेमुळे काम सोडून फ्लोरिडात विश्रांतीला गेला होता. हे संयुग तर कातडीतूनही शरीरात शिरते आणि मेंदूवर जाते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे, स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या जागेत हे द्रव्य तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. त्यांना नसलेल्या गोष्टी दिसत. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. थोड्याच दिवसांत पाच जण मरण पावले आणि तीस-पस्तीस जण रुग्णालयात गेले. डेटनमध्ये त्याआधीच दोघे गेले होते. डीपवॉटर येथील ड्यू पाँटच्या कारखान्यातही मृत्यू झाले. तेथील कामगार त्या इमारतीला 'फुलपाखरांचे घर' म्हणत. कारण तेथे काम करणारा माणूस बोलता बोलता थांबे आणि हवेतले अदृश्य किडे हाताने झटकू लागे. तिन्ही ठिकाणी मिळून दहापेक्षा अधिक कामगार मेले. 30 ऑक्टोबर 1924 रोजी मिजलीने वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर चोळून आणि हुंगून दाखवले आणि धोका नाही असे सांगितले.

20 मे 1925 रोजी वॉशिंग्टनला सरकारच्या आरोग्याधिकाऱ्याने परिषद भरवली. कंपनीच्या बाजूने सांगण्यात आले की ही जणू ईश्वरी देणगी आहे. औद्योगिक आजारांच्या जाणकार डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. कामगारांच्या वतीने वर्कर्स हेल्थ ब्यूरोच्या ग्रेस बर्नहॅम या बाई उभ्या राहिल्या आणि मेलेल्यांच्या दृष्टीने ही ईश्वरी देणगी नव्हती, असे त्यांनी सुनावले. विक्री काही महिने थांबली. पण 1926 च्या जानेवारीत तज्ज्ञ समितीने बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही असा निर्णय दिला. समितीने पुढेही तपास चालू ठेवावा असे सुचवले होते. ती सूचना कागदावर राहिली.

शिशाने काम केले नाही असे आम्ही म्हणत नाही. खोटे बोलून कामगारांची बाजू बळकट होत नसते. दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी जी ताकद मिळवली, तीत शिसे घातलेल्या 100 ऑक्टेनच्या पेट्रोलाचा मोठा वाटा होता. युद्धानंतर मोटारींची हेडेही मोकाट सुटली. 1947 साली झोरा आर्कुस-डुंटोव्ह यांनी फोर्डच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या व्ही-8 इंजिनासाठी वर व्हॉल्व्ह असणारी नवी हेडे काढली. त्यांतील खोली अर्धगोलाची होती. अर्धगोलाच्या छताखाली सपाट पिस्टन ठेवला तर खोली फार मोठी होते, म्हणून अशा हेडाला घुमटाच्या माथ्याचा पिस्टन लागतो. 1948 च्या जॅग्वार एक्सके इंजिनात तर एकाच हेडाखाली निरनिराळे पिस्टन घालून 7, 8 किंवा 9 असे दाबप्रमाण देत. ज्या देशात पेट्रोल हलके, त्या देशात 7. इतर इंग्रजी कारखानेही हलक्या पेट्रोलाच्या देशांसाठी खोलगट माथ्याचे पिस्टन घालून तीच मोटार विकत. म्हणजे आपल्या मोटारीचा पिस्टन पाहून आपल्या देशाच्या पेट्रोलाचा कस सांगता येत असे.

पण विषाची उधारी एक दिवस फेडावी लागते. 1965 साली क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हवेत, पाण्यात आणि माणसांच्या शरीरात साचलेले शिसे निसर्गाचे नसून उद्योगांनी पसरवलेले आहे. पुढे लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो हेही सिद्ध झाले. आणि मग काय घडले पाहा. 1971 सालच्या मोटारींसाठी जनरल मोटर्सने, म्हणजे जिच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य सापडले त्याच कंपनीने, इंजिनांचे दाबप्रमाण खाली आणले, कारण आता शिशावाचून चालवायचे होते. ते कसे आणले? हेडातली खोली मोठी करून आणि पिस्टनचा माथा खोलगट करून. व्हॉल्व्हच्या बैठकीही कठीण कराव्या लागल्या, कारण आजवर शिशाचा थर त्यांना जपत होता. पन्नास वर्षांपूर्वी जे काम हेडात आणि पिस्टनमध्ये करावयाचे टाळले होते, तेच शेवटी करावे लागले. पुढे रिकार्डोच्या त्या निमुळत्या फटीची युक्ती, चार व्हॉल्व्हची हेडे आणि ठोका ऐकणारी विजेची यंत्रणा यांच्या बळावर दाबप्रमाण पुन्हा 10 च्या पुढे गेले, तेही शिशाच्या थेंबावाचून. आपल्या देशात 2000 साली शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथे 2021 साली ते थांबले. बेवेच्या पाच मृत्यूंपासून मोजले तर सत्त्याण्णव वर्षे लागली.

आणि आता एक योगायोग. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत उसापासून इथेनॉल गाळले जाते आणि 2025 पर्यंत देशभर पेट्रोलात ते वीस टक्के मिसळले जाऊ लागले. हे इथेनॉल म्हणजेच ते अल्कोहोल. रिकार्डोला आणि डेटनच्या मंडळींना ठाऊक असलेले द्रव्य शंभर वर्षांचा वळसा घालून आपल्या पंपावर आले आहे. ते ठोका रोखते, हे खरे. पण त्याचा पुरता लाभ मिळायचा तर इंजिनाचे दाबप्रमाण त्याला साजेसे हवे. म्हणजे पुन्हा हेड आणि पिस्टन. नुसते इंधन बदलून जुन्या इंजिनाला 'तू निभावून ने' म्हणणे ही त्या मालकाचीच रीत झाली. इंधन बदलताना जुन्या गाडीवर पोट असणाऱ्या रिक्षावाल्याला आणि टॅक्सीवाल्याला कोणी विचारले काय, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवतो.

त्या फिटरची हकिकत सांगायची राहिली. खुणेचा तो पिस्टन आम्ही मालकाच्या टेबलावर ठेवला आणि बाजूला वाकलेला व्हॉल्व्ह ठेवला. व्हॉल्व्हची कड त्या चंद्रकोरीत तंतोतंत बसली. मालक भला माणूस होता असे म्हणणार नाही, पण मोजमाप त्यालाही कळत होते. कापलेला पगार परत मिळाला आणि त्या कारखान्यात एक नियम झाला: हेडाला हात लावण्यापूर्वी काय काय बदलावे लागेल ते फिटरने लिहून द्यायचे, आणि मालकाने ते मान्य केले नाही तर नुकसानीची जबाबदारी मालकाची.

नियम लहान आहे. पण 1924 साली बेवेच्या कामगारांना असे लिहून देण्याचा अधिकार असता, तर त्यांनी काय लिहिले असते याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. वरचा भाग बदलायचा असेल तर खालच्याला आधी विचारावे; इंजिनाचा शंभर वर्षांचा इतिहास आम्हांस एवढेच शिकवतो.